गुळणी धरणारं मंडळ

आमचं काम म्हणजे वाक्यातून गंमत काढून टाकण्याचं. "झाकण उघडा. पाणी भरा. झाकण लावा." यात उपमा नाही, विनोद नाही, लिहिणाऱ्याचा स्वभाव तर औषधालासुद्धा नाही. पण महिनाभर काढून टाकलेली ती गंमत जाणार कुठे? ती साठते! आणि महिन्यातल्या एका रविवारी साळवीकाकांच्या पडवीत आम्ही चौघं जमलो की बदाबदा बाहेर पडते. घरच्यांना हे किस्से आता पाठ झालेत. मी तोंड उघडलं की नवरा कानात घालायला बोळे शोधतो. म्हणून म्हटलं, तुम्हालाच सांगावेत.

आम्ही म्हणजे टेक्निकल रायटर मंडळ, रत्नागिरी. यंत्र घेतलं की खोक्यात जी पुस्तिका येते, ती लिहिणारी माणसं.

*

पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी मिळाली आणि मी रत्नागिरीत मांडवीला, सासरच्या घरी, राहायला आले. मी हॉस्पिटलांतल्या यंत्रांच्या पुस्तिका लिहिते. सासूबाईंना कुणी "सून काय करते?" विचारलं की त्या सुरुवातीला "कॉम्प्युटरवर असते" एवढं सांगून मोकळ्या व्हायच्या. या उत्तरात आजकाल अर्धं रत्नागिरी बसतं.

एका हळदीकुंकवाला मात्र शेजारच्या काकूंनी पिच्छाच पुरवला. "कॉम्प्युटरवर म्हणजे नक्की काय गो करते?"

सासूबाईंनी विचार केला. म्हणाल्या, "मिक्सर आणला की खोक्यात पुस्तक असतं बघा. आपण न वाचता माळ्यावर टाकतो, ते?"

"हो हो."

"तसली पुस्तकं लिहिते ती!"

काकूंनी माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की मला भरून आलं. मग सासूबाईंच्या कानाशी लागून, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगोबाई! आणि तिला कुणी सांगितलं नाही अजून?"

*

मंडळाची कल्पना मिलिंदची. मिलिंद जाधव पालीजवळच्या गावचा. शेतीच्या अवजारांच्या पुस्तिका लिहितो आणि बोलतो भरपूर. शबाना मुकादम राजिवड्याची. मोबाईलवरच्या ॲपमध्ये आपण अडकलो आणि प्रश्नचिन्हावर बोट ठेवलं की दोन ओळींचं उत्तर येतं ना, ते तिचं. आणि साळवीकाका! मुंबईत जन्मभर डिझेल इंजिनांची सर्व्हिस मॅन्युअल लिहून रिटायर झालेले, काकी गेल्यापासून मांडवीच्या घरात एकटे राहणारे. एवढ्याशा गावात एकाच धंद्यातली चार माणसं असून एकमेकांना ठाऊक नव्हती.

पहिल्या सभेचा विषय होता अध्यक्षाची निवड. कोकणी माणूस पद मागत नाही. तो फक्त दुसऱ्याला मिळू देत नाही! मिलिंदनं माझं नाव सुचवलं, मी शबानाचं, शबानानं मिलिंदचं आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या नावात काहीतरी अडचण काढली. काका गप्प बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बसलायत त्या खुर्च्या कोणाच्या?"

"तुमच्या."

"पडवी?"

"तुमचीच, काका."

"आणि आत चहा उकळतोय तो?"

"तोही तुमचाच."

"मग ही एवढी चर्चा कशाची चाललीय?"

काका अध्यक्ष झाले. उरलेली पदं आम्ही वाटून घेतली. मी खजिनदार झाले, खजिना नसताना. तेवढ्यात मिलिंदच्या लक्षात आलं, "आपण चौघंही पदाधिकारी झालो. मग सभासद कोण?"

"नकोत," अध्यक्ष म्हणाले. "सभासद असले की प्रश्न विचारतात."

*

आता गुळणीचं सांगायलाच हवं. आमच्या मंडळाची ती ओळख आहे.

पुस्तिका लिहून झाली की ती तपासायची एक पद्धत असते. ज्याला त्या यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, अशा माणसाच्या हातात ती द्यायची आणि त्यानं लिहिलंय तेवढंच करायचं. लिहिणाऱ्यानं समोर बसून नुसतं बघायचं. बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. पुण्यात लोक हे सहज करतात. आमच्याकडे? एक माणूस चुकतोय आणि दुसरा गप्प बसलाय, हे दृश्य रत्नागिरीत अजून कुणी पाहिलेलं नाही!

मिलिंदनं आंब्याच्या फवारणीसाठी पाठीवर घ्यायच्या पंपाची पुस्तिका आणली होती. चाचणी शबाना देत होती. तिनं पट्ट्याला हात लावला की मिलिंद म्हणायचा, "तो नाय गो, डावा!" नळीला लावला की, "हळू, हळू, पीळ देऊ नको!"

काका वैतागले. "मेल्या, पुस्तिकेबरोबर तुलापण खोक्यात भरून पाठवणार हाय काय कंपनी?"

आत गेले आणि पाण्यानं भरलेला पेला घेऊन आले. म्हणाले, "घे तोंडात. गिळायचं नाय, थुंकायचं नाय. तिच्या हातात पुस्तिका हाय तोपर्यंत गुळणी धरून बस."

मिलिंदनं गाल फुगवले. पडवीत शांतता झाली. शबानानं वाचलं, "टाकीत पाणी भरा." भरलं. "पंप पाठीवर घ्या." घेतला. पुढचं वाचायला ती जरा वाकली आणि टाकीतलं सगळं पाणी तिच्या डोक्यावरून थेट समोर बसलेल्या काकांच्या अंगावर! झाकण लावायचं पुस्तिकेत लिहिलेलंच नव्हतं. ते बघून मिलिंदला ओरडायचं होतं "झाकण!", पण तोंडात होती गुळणी. तीही काकांच्याच अंगावर गेली.

काकांनी चष्मा काढून पुसला. "झाकण लावा एवढं लिहायला काय जात होतं रे तुझं?"

"काका, झाकण काय, कुणीपण लावेल की!"

"कुणीपण लावेल," काका म्हणाले, "तर मी भिजलो कसा?"

त्या दिवसापासून नियम झाला. जो गुळणी गिळेल किंवा थुंकेल त्यानं पुढच्या सभेला खाऊ आणायचा. मिलिंदमुळे आम्ही वर्षभर उपाशी राहिलो नाही.

*

माझ्या ऑफिसातला साहेब पुण्याचा. माणूस तसा बरा, पण प्रत्येक मीटिंगची सुरुवात एकाच वाक्यानं करायचा. "काय वैशाली, रत्नागिरीत नेट असतं का आज?" आणि सगळे हसायचे. मीही हसायचे. आतून मात्र असा संताप यायचा की बोलायची सोय नाही.

एकदा मोठ्या यंत्राच्या पुस्तिकेचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळपर्यंत ती परदेशी गिऱ्हाइकाकडे गेलीच पाहिजे होती. आणि नेमकी पुण्यात ऑफिसच्या रस्त्यावर खोदकामात केबल तुटली. अख्खं ऑफिस बंद! साहेबाचा मोबाईलवरून फोन आला, आवाज पार बसलेला. मी म्हटलं, बघते. शबानाला हाक मारली, काकांना हाक मारली. पडवीत तीन खुर्च्या मांडून आम्ही बसलो. शबानानं चित्रं जुळवली, काकांनी धोक्याच्या सूचना एकेक करून तपासल्या आणि चहाच्या आत पुस्तिका समुद्रापार गेली.

दुसऱ्या दिवशी मीटिंग सुरू झाली. साहेबानं तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "काय सर, पुण्यात नेट असतं का आज?"

कुणी हसलं नाही. पण तो प्रश्न त्यानं पुन्हा कधी विचारला नाही!

*

मिलिंदचं लग्न त्याच्याच गावात होतं. पाहुणे बरेचसे मुंबईचे. त्यांना गावचा रस्ता समजावा म्हणून मिलिंदनं पत्रिकेबरोबर एक कागद छापायचं ठरवलं. दुसरा कुणी असता तर त्यानं "पालीपासून जवळ" एवढं लिहून सोडलं असतं. यानं अख्खी पुस्तिकाच लिहिली! "पालीच्या बाजारपेठेत उतरा. पिठाच्या गिरणीकडे पाठ करून उभे रहा." मध्ये चौकटीत इशारा होता, "येथे रस्ता विचारू नये. सांगणारे आजोबा पूर्वीचा रस्ता सांगतात."

चाचणी घेतल्याशिवाय छापणं शक्य नव्हतं. स्कूटरवर मी आणि मागे गुळणी धरलेला नवरदेव, अशी आमची वरात पालीहून निघाली. पहिल्याच खड्ड्यात मागून "घळ्" असा आवाज आला. मिलिंद अजूनही वाद घालतो, की खड्ड्यात गिळली ती गिळली धरायची नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी शाळेच्या मैदानात चिखल झाला, म्हणून मांडव बुद्धविहाराच्या अंगणात हलवला. मिलिंदनं मुंबईच्या पाहुण्यांना लगेच कागदाची सुधारित आवृत्ती मोबाईलवर पाठवली. परिणाम असा झाला, की वंदनेची वेळ झाली तेव्हा मुंबईकर झाडून सगळे हजर, नटूनथटून बसलेले. आणि गावातलं एक माणूस नाही! गावकरी शाळेवर जमून "लग्न मोडलं की काय" अशी चर्चा करत उभे होते. गावच्या लग्नाचा रस्ता गावकऱ्यांना कोण पाठवतो?

शेवटी मिलिंदचे मुंबईचे मामा उठले. तीस-चाळीस वर्षांत गावात फारसे न राहिलेले मामा! मोबाईल डोळ्यांसमोर धरून शाळेपर्यंत गेले आणि सगळ्या गावाला घेऊन वाचत वाचत परत आले. मांडवात शिरताना सरपंचांना म्हणाले, "येत जा अधूनमधून गावाला. रस्ते विसरायला होतं."

*

इतकं सगळं झाल्यावर आम्हाला वाटलं, आता आपण रीतसर व्हावं. टेक्निकल रायटरांची एक मोठी संघटना आहे, तिचं ऑफिस पुण्याला. रत्नागिरीची स्वतंत्र शाखा मिळावी म्हणून आम्ही विनंती केली. उत्तर आलं, की आपला उत्साह स्तुत्य आहे, पण चार लोकांची शाखा होत नाही. आपण कोल्हापूर शाखेत सामील व्हावं, सभा कोल्हापुरात होतील.

म्हणजे पडवीतली सभा बंद. दर महिन्याला घाट चढायचा आणि उतरायचा. शबानाचं मूल लहान, तिला जमणार नव्हतं. आणि काकांना तर आंबा घाटाचं पहिलं वळण आलं की गाडी थांबवावी लागते. आम्ही तिघं फार तर हळहळलो असतो. काकांचा मात्र महिन्यातला तो एक रविवार जाणार होता. त्या रविवारसाठी ते आदल्या दिवसापासून खुर्च्या पुसतात, हे मला माहीत आहे, कारण माझ्या खिडकीतून त्यांची पडवी दिसते. उत्तर वाचून ते नुसते आत जाऊन चहाची भांडी घासत बसले. मला इतकं वाईट वाटलं, की मी भांडायला पुण्याला फोन लावणार होते.

त्याआधी कोल्हापूरचाच फोन आला. तिथले शाखाप्रमुख म्हणजे दिलदार माणूस. "या की वो आमच्याकडं! काय लांब हाय? सकाळी निघालासा की दुपारी जेवायला हितं! तांबडा-पांढरा करून ठेवतो!"

फोन स्पीकरवर होता. काका स्वयंपाकघरातून बाहेर आले, हात पुसले आणि फोनजवळ वाकून अदबीनं म्हणाले, "जेवायला नक्की येऊ हो. सभा आमची इथंच व्हायची."

मी पुण्याला फोन केलाच. खूप बोलले. शेवटी पलीकडून त्यांच्या अध्यक्षा, कर्णिकबाई, म्हणाल्या, "मी पुढच्या महिन्यात गणपतीपुळ्याला येतेय. येताना तुमची सभा बघते. मग ठरवू."

*

कर्णिकबाई येणार म्हणून आम्ही काय काय नाही केलं! मिलिंद म्हणाला, माझे चुलतभाऊ आणून बसवतो, चारचा आकडा मोठा दिसेल. काकांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तेवढ्यानं तो विषय संपला. शबानानं प्रोजेक्टरवर दाखवायला मंडळाच्या कामाची चित्रं केली. काकांनी अध्यक्षीय भाषण लिहिलं. पंधरवडाभर ते समुद्रावर फिरायला जाताना ते पाठ करत होते. मांडवीच्या जेट्टीवर गळ टाकून बसणाऱ्यांनाही ते पाठ झालं असणार.

बाई आल्या. करारी चेहरा, हसू मोजून मापून. बसल्या आणि लाइट गेली! प्रोजेक्टर बंद, पंखा बंद, चित्रं गेली. शबानाचा चेहरा रडवेला झाला.

बाईंनी घड्याळ बघितलं. "मग? तुम्ही एरवी सभेत करता तरी काय?"

मी म्हटलं, "चाचणी करतो." दुसरं काही सुचलंच नाही.

काकांनी पालीच्या एका बचत गटासाठी काजू फोडायच्या हातयंत्राची पुस्तिका लिहिली होती. जन्मभर इंग्रजीत लिहिलेल्या माणसाची ही पहिली मराठी पुस्तिका. यंत्र कोपऱ्यात होतंच, त्याला वीज लागत नाही. मी ते बाईंसमोर ठेवलं, शिजवून गार केलेल्या काजूच्या बिया ठेवल्या, खोबरेल तेलाची वाटी ठेवली आणि पुस्तिका त्यांच्या हातात दिली. नियम सांगितला, "पुस्तिका तुमच्या हातात आहे तोवर लिहिणारा बोलणार नाही."

काकांनी पेला उचलला आणि गाल फुगवले. बाईंच्या भुवया वर गेल्या.

वाचायला लागल्या. आणि पहिलं पान उलटताना दमट हवेनं चिकटलेली दोन पानं एकदम उलटली! मधलं पान होतं तेलाचं. काजूच्या टरफलाचा चीक हाताला लागला की कातडी सोलवटते, म्हणून आधी तेल लावायचं असतं. बाईंनी कोरड्या हातानं बी उचलली. मिलिंदनं तोंड उघडलं, शबानानं त्याला असा चिमटा काढला की ते मिटलं. काकांचे डोळे मोठे झाले, पण गुळणी हलली नाही.

बाईंनी बी पात्यावर ठेवली. पुढची ओळ मोठ्यानं वाचली, "थांबा. हाताला तेल लावलं का? नसेल तर बी खाली ठेवा आणि एक पान मागे या."

बाईंनी बी खाली ठेवली. चिकटलेलं पान सोडवलं, वाचलं, हातांना तेल चोपडलं, पुन्हा बी घेतली, दांडा दाबला. टरफल दुभंगलं आणि आतून अख्खा, तांबूस सालीतला काजूगर निघाला!

आम्ही टाळ्या पिटल्या. बाईंनी तो गर हातात धरून सगळ्या बाजूंनी बघितला. मग एका हातात गर, दुसऱ्या हातात पुस्तिका, अशा त्या काकांकडे वळल्या. "अध्यक्ष, आता तुम्ही सांगा. कोल्हापूर की स्वतंत्र शाखा? तुमचं म्हणणं काय?"

पंधरवडा पाठ केलेलं भाषण काकांच्या डोळ्यांत मला दिसत होतं. पण पुस्तिका बाईंच्या हातात होती! मला ओरडावंसं वाटलं, काका, गिळा हो, खाऊ मी आणते! काका ढिम्म. कान लाल झाले, डोळ्यांत पाणी आलं, पण गाल होते तसेच.

"बोला ना," बाई म्हणाल्या.

काकांनी त्यांच्या हातातल्या पुस्तिकेकडे बोट दाखवलं.

बाईंनी पुस्तिकेकडे बघितलं, काकांच्या गालांकडे बघितलं. "मी ही खाली ठेवली की तुम्ही भाषण करणार?"

काकांनी जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"मग नाही ठेवत." बाईंनी पुस्तिका काखेत मारली, काजूगर तोंडात टाकला आणि पायऱ्या उतरून गाडीत जाऊन बसल्या. काच खाली करून म्हणाल्या, "भाषण करणारे अध्यक्ष आमच्याकडे पुष्कळ आहेत. आजपासून रत्नागिरी शाखा वेगळी!"

गाडी निघाली. मिलिंद अंगणात नाचायला लागला, शबाना एकीकडे रडत होती आणि एकीकडे हसत होती. मी काकांकडे धावले. ते पडवीच्या खांबाला धरून उभे होते, गाल तसेच फुगलेले.

"काका, गिळा आता! झालं, जिंकलो आपण!"

काकांनी मान हलवून नाही म्हटलं आणि रस्त्याकडे बोट केलं. पुस्तिका घेऊन निघालेली गाडी अजून वळणापर्यंत गेली नव्हती.